हौदावरची हळद

माझ्या हळदीला आलेल्या पाहुण्यांनी नवरदेवाकडे कमी आणि आमच्या हौदाकडे जास्त पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. त्या दिवशी हौदाची किंमत माझ्यापेक्षा जास्त होती.

आम्ही झारेकरी. जळगावच्या सोनारांच्या दुकानांतली केरमाती आणायची, जाळायची, कुटायची आणि परातीत धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढायचे, हा आमचा धंदा. उन्हाळ्यात नळ करंगळीएवढा यायचा, म्हणून धुण्याचं पाणी फेकत नसू. ते हौदात सोडायचं, तुरटी फिरवायची, गाळ बसला की वरचं निवळ पाणी पुन्हा परातीला. परातीतून निसटलेलं सोनं त्या गाळात असायचं, म्हणून माझे वडील, नाना, गढूळ पाण्याचा एक तांब्याही बाहेर जाऊ देत नसत. आम्ही आंघोळसुद्धा हौदाच्या काठावर बसून करायचो. केसांत धूळ असे ना. माझे केस दाट. एका अंगठीचं सोनं मी डोक्यावर घेऊन हिंडतो असं मी मित्रांना सांगायचो, आणि ते खरं मानणारा त्या टोळक्यात मी एकटाच होतो.

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. सुनेच्या मंगळसूत्रातल्या डोरल्याचं सोनं विकत आणायचं नाही, आपल्या हौदातलंच घालायचं, असा नानांचा हट्ट होता. त्यासाठी वर्षभर गाळ उपसला नव्हता. हळद आटोपली की गाळ धुवायचा, संध्याकाळपर्यंत शेजारच्या सोनाराने डोरलं घडवायचं आणि सकाळी वऱ्हाडाने शिरपूरला निघायचं, असं ठरलं होतं.

हळद लागली. आत्यांनी हौसेने तेलात कालवलेली हळद डोक्यापासून पायापर्यंत चोपडली. आंघोळीसाठी मी मोरीकडे वळलो तसे नाना ओरडले, "हौदवर बस! डोकामा सोनं शे, गटारमा जावाले नको."

मी राजासारखा हौदावर बसलो. तेल लागलेला सोन्याचा बारीक कण पाण्यावर तरंगतो, बुडत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कामाच्या दिवसांत आम्ही तेलाला हात लावत नसू. पण लग्नघर होतं, कुणाला आठवणार? आत्यांनी घागरीवर घागरी ओतल्या, शिकेकाईचा फेस केला, खालचा गाळ ढवळून वर आला. मला वाटलं, काय थाटाची आंघोळ चालली आहे!

पाणी पिवळं, तेलकट झालं. नानांनी तुरटी फिरवली. काही निवळेना. वर तवंग, आणि तवंगावर गाळातलं बारीक सोनं चमकतंय; बाकीचं गढूळ पाण्यात अडकलेलं. पाहुणे वाकून वाकून पाहू लागले. नाना मटकन खाली बसले. सुनेच्या गळ्यात नुसते काळे मणी घालायची पाळी आली होती, आणि मी ओलेत्याने, पिवळाधमक, मध्ये उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग अक्का, म्हणजे माझी आई, आत गेली. आम्हा नवरा-बायकोसाठी भरून घेतलेली नवी गादी तिने बाहेर आणली आणि सरळ उसवली. कापूस तवंगावर पसरला, त्याने तेल प्यायलं, तो कापूस वाळवून जाळला आणि ती राख धुतली. निघालेल्या सोन्याचे शेजारच्या सोनाराने घडवले ते मोहरीएवढे दोन मणी. शिरपूरच्या मांडवात बायकोच्या गळ्यात ते मणी भटजींनाही दिसेनात. माझ्या सासूबाईंना मात्र लगेच दिसले.

महिन्याभराने हौद निवळला. गाळात चांगलं सोनं निघालं, नानांनी त्याचं डोरलं घडवून आणलं. बायकोने हात पुढे केला नाही. सतरंजीवर झोपून पाठ धरलेली असूनही ती हसत म्हणाली, "नाना, मले ह्याच मणी ऱ्हाऊ द्या. यासनासाठे मनी गादी गयी."

ते तिच्या गळ्यात शेवटपर्यंत राहिले, आणि चितेवरही मी ते काढू दिले नाहीत. राख सावडताना हात सवयीने परात फिरवावी तसे फिरायला लागले, मी ते आवरले. जन्मभर निवळल्याशिवाय पाणी न सोडणाऱ्या मी तापीच्या पाण्यात ती राख तशीच सोडली आणि पाणी गढूळ असतानाच घरी निघालो.