टोपलीभर मुरूम

पार्वताकाकू स्वतःच्या अंगणातसुद्धा काठी आपटल्याशिवाय पाऊल टाकत नसे. नवख्या माणसाला वाटे, म्हातारीला दिसत नसावं. डोळे तर इतके शाबूत की माझ्या लुगड्यावरचा बारीकसा डाग तिला ओसरीवरून दिसे, आणि तो ती चारचौघींत सांगेही. मी घाईने पुढे निघाले की ओरडायची, “थांब वं! ठोक पयले. पोकळ असन त आवाज येते.”

किन्हीराजा गावाला तिचं शेत आणि आमचं शेत धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. काका लवकर गेले. त्यांची एकुलती एक लेक शांता, काकूनं एकटीनं वाढवली. शांता माझी जिवाभावाची मैत्रीण.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची विहीर आटली. नाल्याकाठी नवी खोदली, तेव्हा जुन्या विहिरीच्या काठाचे दगड आणि मोटेची लाकडं तिकडे नेली. उरलेलं तोंड काकूनं आमच्याकडे सगळेच झाकतात तसं झाकलं. बाभळीचे फाटे आडवे टाकले आणि वर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. गुरं पडू नयेत, एवढाच हेतू. दोन पावसाळ्यांत पऱ्हाट्या सडल्या, वर माती साचली, गवत माजलं. शांता तेव्हा सासरी होती. दिवाळीला माहेरी आली आणि शेळीला हिरवं आणते म्हणून विळा घेऊन शेतात गेली. विहिरीची एकही खूण उरलेली नव्हती.

तिला वर काढली तेव्हा मी काठावर होते. त्याबद्दल मला अजूनही लिहिता येत नाही.

तेरावं झाल्यावर काकूचे भासरे, म्हणजे थोरले दीर, माणसं घेऊन आले. शेत सामायिक होतं. विहीर पुन्हा नीट झाकावी असं त्यांचं म्हणणं. “बुजवाची नाई. जिचं पानी पेलो ते इहीर बुजोनं पाप हाय. उद्या झरे फुटतीन.”

काकू भासऱ्यांपुढे जन्मात बोललेली नव्हती. ते आले की पदर ओढून आत जायची. त्या दिवशी ती उघड्या तोंडानं त्यांच्यासमोर उभी राहिली. “फुटतीन. अन् मंग ते पानी तुमी प्यान काय?”

भासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्या दिवशी पहिला दगड त्यांनीच आणून टाकला.

विहीर लवकर भरावी म्हणून माणसांनी काटक्याकुटक्याही टाकायला घेतल्या. काकूनं त्या एकूण एक बाहेर काढायला लावल्या. “सडते ते. सडली का पुन्हा पोकळ. मीच टाकली होती ना पऱ्हाटी!” मग खाली दगड आणि वर मुरूम. थोडा मुरूम पडला की पाणी शिंपायचं, धुम्मसानं ठोकायचं, मगच पुढचा थर. शेवटी पाणी वाहून जावं म्हणून मधोमध उंचवटा केला.

तरी पहिल्याच पावसाळ्यानंतर जमीन दबली. दुसऱ्यानंतरही दबली. काकू दरवर्षी डोक्यावर टोपलीभर मुरूम घेऊन जायची, काठीनं ठोकून ठोकून जागा शोधायची, खळगा भरायची आणि तिथंच बसून राहायची. एकदा मी न राहवून म्हटलं, “काकू, कायले जीव काढता? गडी टाकीन ना.”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते खाली खाली जाऊन राह्यली वं. मी तिले वर वर आनून राह्यली.”

मी तिच्याशेजारी बसले. दुसरं काय करणार होते?

शेवटच्या दुखण्यात तिला माणसं धड ओळखू येत नव्हती. माझा हात मात्र धरून ठेवायची. “पावसाळा झाला का एक टोपली टाकजो. शांतीवर कोनी पाय ठिवन अन् पडन. अजून कोनाची लेक जाऊ नोको देजो.” ज्वारीची सोंगणी चालू असताना ती गेली.

पुढचा पावसाळा सरला तशी मी टोपली भरून निघाले. तिचीच काठी घेतली. उंचवट्याच्या चारही बाजूंनी ठोकलं, मधोमध ठोकलं. सगळीकडे भरीव आवाज आला. कुठंच दबलेलं नव्हतं. याच्यासाठी ती माउली झिजली, आणि बघायला ती नव्हती. भरली टोपली डोक्यावर घेऊन मी रडत उभी राहिले. रिती करायला जागाच उरली नव्हती.