भीमराजनं भरलेला कॉम्प्युटर

जळबाच्या पोराचा, भीमराजचा, डावा कान १९९८ साली गेला, गोरेगावच्या जीप स्टँडवर, बाजाराच्या दिवशी, पाचपन्नास माणसांच्या देखत.

त्या काळी स्टँडवर रोजच काही ना काही जुंपलेलं असायचं. सेनगाव-हिंगोलीची सवारी आधी कोण भरणार यावरून कॉलरी धरल्या जायच्या, चाकं खोलायची लोखंडी टॉमी निघायची, एखाद्याचं डोकं फुटायचं आणि तासाभरानं तेच दोघं एका टपरीवर चहा पीत बसायचे. सटवाजी मात्र भांडण विसरणाऱ्यांतला नव्हता. घरची जमीन मोठी, दारात चार जीपा आणि हात लगेच उठणारा. शिवशंकर नावाच्या दुसऱ्या जीपवाल्याची गाडी त्याच्या गाड्यांच्या पुढं निघायची, तेवढं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

भीमराजची शेड स्टँडसमोर होती. जीपच्या इंजिनाला डिझेल देणारा पंप दुरुस्त करून बसवणं हे त्याचं काम. हिंगोलीत उस्तादाजवळ चार वर्षं राहून शिकलेला. सटवाजी शेडमध्ये आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "शिवशंकरची गाडी तुझ्याकडं येऊन राहिली ना? तिचा पंप असा बसव, की चढावर दम तुटला पायजे."

"मी पंप बसवतो, भाऊ. बिघडवत न्हाई."

सटवाजीच्या दोघा माणसांनी भीमराजचे हात मागं धरले. सटवाजीनं त्याच्या जातीचा, बापाचा, आईचा उद्धार केला आणि शेडमधलाच मोठा पाना उचलून त्याच्या कानशिलात हाणला. मग उघडून ठेवलेले दोन पंप रस्त्यावर आपटले. चौकीवर जमादारानं फिर्याद लिहून घेतली नाही. गाडीवाल्यांचं आपसातलं आहे, म्हणाला.

पंप तर कानानंच लावायचा असतो. इंजिनाचा ठोका ऐकायचा आणि स्क्रू पाव आटा फिरवायचा. एका कानानं ठोका धड कळेना. भीमराज दोन महिने घरात बसून राहिला. मग एक दिवस त्यानं लांब पेचकस इंजिनाला टेकवला आणि त्याची मूठ दातांत धरली. ठोका कवटीतून डोक्यात उतरला, पहिल्यापेक्षा स्पष्ट. त्यानं शेड पुन्हा उघडली. सटवाजीच्या गाड्या तेवढ्या आल्या नाहीत.

पुढं कॉम्प्युटरच्या जीपा आल्या. त्यांत फिरवायला स्क्रूच नव्हता. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, ते एक डबी ठरवायची. तिलाच सगळे कॉम्प्युटर म्हणायचे. भीमराज औरंगाबादला जाऊन दीड महिना ते काम शिकला आणि डबीत आकडे भरायला एक जुना लॅपटॉप घेऊन आला. आकड्यांच्या तक्त्यांतलं इंग्रजी त्याला जड जायचं. त्याची बायको करुणा बारावी झालेली. ती शेजारी बसून वाचून दाखवू लागली आणि वर्षभरात तिला त्याच्याइतकंच कळू लागलं.

२००८ च्या उन्हाळ्यात सटवाजीनं जुनी कॉम्प्युटरची जीप घेतली. मागं बाक वेल्डिंग करताना बॅटरी काढायची राहिली आणि डबी जळाली. हिंगोलीतल्या दुकानदारानं त्याला दोन रस्ते सांगितले. एक तर आकडे भरून आलेला तयार कॉम्प्युटर घ्या, लावा आणि चालवा. नाही तर कोरा घ्या आणि जाणकाराकडून आपल्या गाडीपुरता भरून घ्या. असा जाणकार आख्ख्या तालुक्यात एकच होता.

सटवाजीनं तयार घेतला. तो कंपनीतून निघाली तशी गाडी धरून भरलेला होता. या गाडीचे तर डिझेल फवारणारे इंजेक्टर बदललेले, वर सोळा सवाऱ्या. आठ दिवसांत गाडी तीनदा भर रस्त्यात बंद पडली. तिसऱ्या वेळी शिवशंकरनं बंद गाडीतल्या सवाऱ्या उचलल्या. सटवाजीच्या ड्रायव्हरनं त्याला दगड मारला, तर शिवशंकरच्या माणसांनी ड्रायव्हरचे दात पाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी कोरा कॉम्प्युटर घेऊन शेडमध्ये आला. दहा वर्षांनी. काखेत कुऱ्हाड होती.

"भरायचा आहे. पण तू यात काय घालशील, ते मला कसं कळावं?"

"कळणार न्हाई," भीमराज म्हणाला. "पटत न्हाई तर तयारच वापरा."

सटवाजीनं कुऱ्हाड बाकावर ठेवली. "मी समोर बसतो. गाडीला काही झालं, तर पहिला घाव तुझ्यावर."

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा भीमराज तक्त्याकडं बघत बसला. भरल्या गाडीनं चढ चढताना जेवढं डिझेल जातं, त्याचे दहा रकाने होते. ते आकडे वाढवले की इंजिन दहा-बारा दिवस पळालं असतं आणि मग पिस्टन वितळले असते. कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याची बोटं आपोआप चालू लागली. दहाही रकाने त्यानं वाढवले.

करुणानं मागून पाहिलं. "हे आकडे काहून असे?"

त्यानं लॅपटॉप स्वतःकडं वळवला.

"त्या गाडीत लेकरंबाळं बसतात. पुसा ते."

त्यानं पुसले आणि मूळचे आकडे घातले. सटवाजी दारात दिसला म्हणून घाईघाईत पुसले.

तिसऱ्या प्रहरी गाडी रस्त्यावर काढली. वजनासाठी मागं सरकीची पोती टाकली होती. भीमराज चालवायला, शेजारी मांडीवर कुऱ्हाड घेतलेला सटवाजी आणि मागच्या बाकावर डबीला जोडलेला लॅपटॉप घेतलेली करुणा. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. सटवाजीचा चेहराही जरा सैल पडला. सेनगावच्या अलीकडं चढ लागला, भीमराजनं पाय दाबला आणि गाडीनं उसळी घेतली. मागं काळ्या धुराचा लोट उठला. इंजिन किंचाळल्यासारखं ओरडलं.

भीमराजनं ओळखलं. एक रकाना पुसायचा राहिला होता.

"मारतो का रे मला!" सटवाजी ओरडला. त्यानं मागं वळून कुऱ्हाडीचा दांडा लॅपटॉपवर घातला. करुणानं हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज भीमराजनं उजव्या कानानं ऐकला.

गाडी कशी थांबली, त्याला आठवत नव्हतं. सटवाजीला गचांडी धरून त्यानं डांबरावर ओढलं. कुऱ्हाड नालीत फेकली आणि सीटखालची टॉमी काढली. पहिला घाव गुडघ्यावर, दुसराही तिथंच. सटवाजी हात जोडत होता, ते त्याला दिसत होतं. तरी तो मारत राहिला. खांद्यावर, बरगड्यांवर, पुन्हा गुडघ्यावर. दहा वर्षं तो कुणाशी आवाज चढवून बोलला नव्हता आणि आता त्याला थांबता येत नव्हतं. वाईट म्हणजे, थांबावंसं वाटत नव्हतं.

"अहो, बस करा! मरंल तो!" करुणा मोडका हात छातीशी धरून मधी येऊन उभी राहिली. टॉमी तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

दोघांनी मिळून सटवाजीला पोत्यांवर घातलं. करुणानं पुन्हा लॅपटॉप मांडीवर घेतला. पडदा तडकला होता, पण आकडे दिसत होते. एका हातानं तिनं तो राहिलेला रकाना शोधला आणि त्यातला आकडा खाली आणला. भीमराजनं गाडी काढली तेव्हा धूर नव्हता. हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. वाटभर सटवाजी कण्हत होता.

या वेळी दोन्हीकडच्या फिर्यादी लिहिल्या गेल्या. गावातली माणसं तडजोडीला घरी आली. सटवाजीचा भाऊ म्हणाला, "तुमी मागं घ्या, आमी मागं घेतो. बराबरी झाली."

करुणा प्लास्टरचा हात घेऊन बाहेर आली. "यांचा कान फुटला तवा कुणी एक ओळ लिहिली न्हाई. आता लिहिली आहे, ती मी पुसणार न्हाई."

कोर्टानं दोघांनाही दोषी धरलं. सटवाजी लंगडत आत गेला, भीमराज पाच महिने आत राहिला. त्या रकान्याबद्दल कोर्टात कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तुरुंगातल्या एका माणसानं जेवणाच्या ताटावरून त्याला ढकललं, तेव्हा भीमराजनं आपलेच दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

तो सुटून आला तेव्हा शेड करुणानं चालू ठेवली होती. सेनगावहून, डोंगरकड्याहून गाड्या येत होत्या. करुणाचा हात कोपरापाशी थोडा वाकडा बसला होता. सटवाजीची जीप त्याचा भाऊ चालवायचा, त्याच कॉम्प्युटरवर. ती शेडसमोरून जाताना हॉर्न वाजवायची नाही, पण आतली डबी त्यांनी दुसऱ्या कुणाला उघडू दिली नव्हती.

भीमराज लॅपटॉपजवळ बसला, तशी करुणानं तो आपल्याकडं ओढला.

"गाडी तुमी चालवा. इंजिनाचं तुमी सांगा. आकडे मी भरीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं मान हलवली आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपची किल्ली उचलली.