कॉम्प्युटरचा पोळा

गुणवंता सर आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर. घराणं रामाकोना गावचं, शेतकऱ्याचं; नोकरी सारी सौंसरला. निवृत्त झाल्यावर माणूस संत्र्याची बाग बघतो, नातवंडं खेळवतो. यांनी नऊ वर्षं एका संख्येमागे घालवली. मी भूगोलवाला, मला त्यातलं कळतं ते एवढंच: एक सम संख्या घ्यायची, तिचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असं सतरा वेळा करायचं आणि शेवटी एक मिळवायचा. येते ती लाखो आकड्यांची. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नसेल, तर ती मूळ संख्या. जगभरचे हौशी लोक अशा संख्या शोधतात, आणि जो आधी कळवेल त्याचं नाव यादीत चढतं. त्या यादीत एकदा आपलं नाव यावं, एवढीच सरांची इच्छा होती.

पांढुर्ण्याहून आणलेला त्यांचा जुना कॉम्प्युटर एकेका संख्येला नऊ नऊ दिवस घ्यायचा. उत्तर ठरलेलं: मूळ नाही. सर मुकाट्यानं पुढची संख्या घालायचे. प्रमिला वहिनी म्हणायच्या, यापेक्षा सवत आणली असती तर तिनं निदान भांडी तरी घासली असती.

दोन वर्षांमागे पोळा आला तेव्हा एका संख्येचं एकच दिवसाचं काम उरलं होतं. सरांनी कॉम्प्युटर बंद केला, हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पोळ्याला राबत्या जिवाला जुंपायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, तो दिवसही सुट्टीचा. तिसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं आणि चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: मूळ आहे.

सरांनी यादी उघडली. तीच संख्या, परदेशातल्या कुणाचं तरी नाव, तारीख आदल्या दिवशीची.

ते तसेच माझ्याकडे आले. चहा निवला तरी बसून राहिले. ‘थकलो गा मी,’ एवढंच बोलले. मला इतका राग आला की तोंडाला येईल ते बोललो. लोखंडाच्या डब्याला कसला आलाय पोळा!

यंदा पोळ्याच्या सकाळी मुद्दाम गेलो, बंद करूच द्यायचं नाही असं ठरवून. कॉम्प्युटरचा पंखा आधीच गप्प होता. डब्यावर हळदीची पाच बोटं.

“सर, पुन्हा?”

“नाव तं गेलंच,” ते म्हणाले, “आता रीत बी घालवू का? वर्षभर राबून राहिली बिचारी मशीन. थकली असन ना गा.”

बोलता बोलता खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. उठवू नका, असं वहिनींनी मला खुणेनं सांगितलं.