लाल मातीचा ट्रक

दिनूच्या घरून सुधावहिनींचा फोन आला, "हे गेले हो, वसंतराव. वाडीत शिंपण लावायला म्हणून गेले आणि तिथंच..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "डॉक्टरांनी नीट पाहिलं का?" जन्मभर बँकेत तपासनिसाचं काम केलं, आधी संशय घ्यायचा, मग बोलायचं. श्रीवर्धनला बदलून आलो तेव्हा दिनूशी मैत्री जमली तीही याच गुणावर. विश्वास कशावरच ठेवायचा नाही, यावर आमचं एकमत होतं.

त्याचा छंद लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा. रणगाडे, जीप, तळहातावर मावणारे ट्रक. सुपारीच्या वाडीतलं काम उरकलं की माडीवर जाऊन बसायचा. खोक्यावरचं चित्र त्याच्या लेखी थाप, सिनेमातला रणगाडा त्याहून मोठी थाप. जुने फोटो भिंगाखाली धरून तो चाकांचे बोल्ट मोजायचा. एकदा मी मुंबईहून त्याला तयार रणगाडा भेट आणला. उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, "छान आहे. पण ही तोफ या रणगाड्यावर कधी बसलीच नव्हती, वसंता." आठवडाभर खपून त्यानं तोफ बदलली आणि मग कुठं माझे आभार मानले.

अशा माणसाच्या कपाटात एक ट्रक मात्र चुकीचा होता. बाकी गाड्यांवर वाळवंटाची पिवळी धूळ नाहीतर डोंगरातला करडा चिखल; जिथली गाडी तिथली माती. या ट्रकची चाकं मात्र आपल्या इथल्या तांबड्या चिखलानं माखलेली. इथं कधी कुठली लढाई झाली? म्हटलं, कंटाळा केलास ना? वाडीतलीच माती फासलीस. तो इतकंच म्हणाला, "माती बरोबर आहे." पुढं विचारलं की विषय बदलायचा... दरवेळी. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायचं. जगाच्या चुका काढणारा हा स्वतःची झाकतोय, या संशयानं दिनू माझ्या मनातून थोडा उतरलाच होता.

तेराव्यानंतर पुण्याचे एक संग्राहक आले. एवढ्या गाड्यांची निगा राखणं एकटीला झेपणार नाही, म्हणून वहिनींनी त्या जाणकाराच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. त्यांनीही नेमका तोच ट्रक उचलला. "एवढं एक चुकलंय. ओल्या ब्रशनं निघेल."

वहिनींनी ट्रक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"माती पुसायची नाही. थोरले भावजी सीमेवर गेले, त्यांना घरी आणलं ते अशाच ट्रकातनं. पाऊस लागला होता. वाडीच्या तोंडाशी चाकं रुतली, तेव्हा ह्यांनीच मागनं खांदा लावला."

दिनूचा थोरला भाऊ जवान होता, तिकडं बर्फात गेला, हे मला ठाऊक होतं. ओसरीवरचा त्याचा फोटो इतकी वर्षं पाहत होतो. तो घरी कसा पोचला, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं.

परवा पुन्हा गेलो. कपाट रिकामं झालंय, मधल्या फळीवर तेवढा तो ट्रक आहे. दिनूच्या बाकी सगळ्या ट्रकांत मागं बसलेले सैनिक दिसायचे. याची ताडपत्री मागून बांधलेली आहे, बारीक दोरीनं, आणि गाठ खरी आहे, ओढली तर सुटेल अशी. रिकाम्या ट्रकला ताडपत्री बांधणारा माणूस तो नव्हता. आणि तपासून पाहिल्याशिवाय मीही आयुष्यात काही खरं मानलेलं नाही. माझं बोट गाठीपर्यंत गेलं... मग मी कपाटाचं दार लावून घेतलं.