बाटलीतला हिवाळा

हिवाळा सुरू झाल्याची बातमी पंचांगाला, हवामान खात्याला आणि खुद्द हिवाळ्यालासुद्धा माझ्या आत्याच्या यजमानांकडूनच कळत असे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, मला ठाण्यात नुकतीच नोकरी लागली होती आणि मी नौपाड्यात त्यांच्याकडे राहत होतो. थंडीचा काकांना मान्य असलेला पुरावा एकच: कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली. तेल थिजलं तर थंडी; नाही थिजलं तर आमच्या मनाचे खेळ. रोज सकाळी काका उघड्याबंब अंगाने बाटली उजेडात धरत, तिरपी करत आणि निकाल देत, "पातळ आहे! पेटी उघडायची नाही." शाली, स्वेटर, कानटोप्या सगळं त्या लोखंडी पेटीत. ती वेळेआधी उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा जोर उडून जातो, हे त्यांचं शास्त्र. निकाल देताना त्यांचेच दात कडकडा वाजत. मी तिकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "दातांचं सोड, ते वयाने हलतात." मफलर गुंडाळून आलेल्या दूधवाल्याला त्यांनी काळजीने विचारलं, "काय रे, कान दुखतो का?"

त्या वर्षी दिवाळी सरली, गल्लीत शेकोट्या पेटल्या, पण तेल काही थिजेना. आत्याला खोकला झाला. आठव्या दिवशी ती चहा गाळता गाळता खोकत खालीच बसली, तेव्हा मला राहवेना.

"काका, निदान आत्याची शाल तरी काढा."

"काढली असती रे! पण हे तेल बघ की!" त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. आवाज रडवेला झाला होता.

"अहो, ते तिळाचं आहे," आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुमचे गुडघे धरले म्हणून मीच भरलं. ते कसलं थिजतंय?"

"मग सांगायचं नाहीस?"

"म्हटलं, वासावरून कळेल. तर तुमचं नाक चोंदलेलं! मग म्हटलं, आज विचाराल, उद्या विचाराल. थंडी वाजते का, हे बाटलीला रोज विचारता. मला एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

काकांनी पेटी ओढली, शाल काढली, दोनदा झटकली आणि बायकोच्या खांद्यांवर ती कशी घालतात हे कुणी शिकवलंच नसल्यासारखे उभे राहिले. शेवटी घातली, ती उलटी. आत्या म्हणाली, "उलटी आहे हो." पण तिने ती तशीच ठेवली.

पुढे दर वर्षी दिवाळी झाली की काका रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येत. "काय गं, थंडी वाजते का?"

आत्या चुलीला बिलगून बसलेली असे. "छे, इतक्यात कुठली?"

ते विचारणं तिला आणखी चार दिवस हवं असे.