मामंजींच्या उशाचा लाल दिवा

मांडी घालता येत नाही आता, म्हणून खुर्चीत बसून लिहितेय. जे लिहितेय ते आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. ह्यांच्याही नाही. ह्यांच्यापासून मी लपवलेल्या गोष्टी तशा दोनच — एक ही, आणि दुसरी म्हणजे लग्नाआधी मला पुरणपोळी येत नव्हती. दुसरी आठ दिवसांत उघडकीला आली. पहिली न कळताच हे गेले.

सकाळपासून तिसऱ्यांदा पेन उचललंय. आधी थोडी माझी टिंगल करून घेते, म्हणजे हात मोकळा होईल.

माझं माहेर देवासचं. दादाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माझ्या मैत्रिणी भरतकाम शिकत होत्या त्या वयात मी सोल्डरिंग शिकत होते. कथलाला दादा रांगाच म्हणायचा, मीही तेच म्हणते. लग्न होऊन धारला आले तेव्हा शालूच्या घडीत सोल्डरिंग आयर्न गुंडाळून आणलं. स्वतःला फार मोठी इंजिनियर समजायची ही बाई. शेजारणी बंद पडलेली इस्त्री, मिक्सर घेऊन यायच्या — “भाभी, जरा देख लो ना” — आणि मी आधी पाच मिनिटं उगाच गंभीर चेहरा करून बघायचे. दोष पहिल्याच मिनिटाला दिसलेला असायचा. पण मग भाव कसा राहणार?

घरात मी आणि मामंजी. मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई आधीच गेलेल्या. हे कुक्षीला मास्तर, शनिवारच्या बसनं यायचे. मुलगा दिवसभर शाळेत. मामंजी जुन्या संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, पण दफ्तर त्यांच्या डोक्यात राहिलं. धारमधल्या आपल्या मराठी घरांत कोण कोणत्या तिथीला गेलं ते त्यांना तोंडपाठ. पितृपंधरवडा जवळ आला की माणसं आमच्या ओट्यावर यायची. “अण्णासाहेब, आमच्या आजोबांची तिथी?” मामंजी डोळे मिटायचे, आणि उघडायच्या आत तिथी सांगून व्हायची. त्या डोक्याचा त्यांना अभिमान होता. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

मग ते न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले. सुनेला नावानं हाक मारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. ते खाकरायचे, आणि मग, “अरे, कोण आहे तिकडे?” — जणू तिकडे फौज उभी आहे. होते मी एकटी, आणि स्वयंपाकघर पार मागच्या बाजूला. म्हणून मी त्यांना घंटी करून दिली.

उशाशी एक बटण. तिथून भिंतीच्या कडेनं तार थेट स्वयंपाकघरात. तिथं चहाच्या रिकाम्या डब्यात भोंगा, साबणदाणीत सेल. आणि बटणाच्या वर टॉर्चचा छोटा बल्ब, त्याला माझी नेलपॉलिश लावून लाल केलेला. बटण दाबलं की तिकडे भोंगा वाजायचा आणि इकडे लाल दिवा लागायचा, म्हणजे आपलं बोलावणं पोचलं हे मामंजींना कळावं. ही माझी खास कल्पना. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाबून दाखवायचे. “सूनबाईनं केली आहे,” म्हणायचे. मी दाराआडून ऐकायचे आणि फुगायचे.

इथपर्यंत ठीक आहे ना? मलाही इथपर्यंतच आठवायला आवडतं.

घंटी वाजायला लागली — आणि वाजतच राहिली. पाणी. खिडकी. चष्मा. पाण्यात तुळशीचं पान नाही. पडून असलेलं माणूस दुसरं काय करणार, हे आता कळतं. तेव्हा मी दुपारच्या वेळात एक रेडिओ बांधत होते. दादानं सुटे भाग पाठवले होते, आणि प्रत्येक वेळी रांग्याचा डाख बसायच्या क्षणाला नेमका भोंगा वाजायचा. म्हणून मी — सांगते, सांगतेच — भोंग्याच्या तारेत एक खटका बसवला. जुन्या रेडिओतला, छोटासा. हिंगाच्या डबीमागे. खटका खाली केला की भोंगा मुका. दिव्याची तार वेगळी होती. दिव्याला मी हात लावला नाही.

का नाही लावला? हे स्वतःला किती वेळा विचारलंय. दिवाही बंद केला असता तर त्यांनी हाक तरी मारली असती. पण मला हाकही नको होती. दिवा लागला की ते गप्प पडून वाट बघायचे, हे मला माहीत होतं. रोज दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कधी अर्धा तास.

त्या शनिवारी रेडिओ पूर्ण झाला. मी काटा फिरवत होते, नुसती खरखर — आणि एकदम त्यातून एका बाईचा आवाज आला. कुठलं तरी स्टेशन बाजारभाव सांगत होतं. गहू, सोयाबीन. मी ते सोयाबीनचे भाव कीर्तन ऐकावं तशी ऐकत बसले. माझ्या हातांनी बोलतं केलं होतं ना. वेळ कुठं गेला कळलं नाही.

चारला कंपाउंडर रामेश्वर मामंजींच्या पाठीला पडून पडून झालेल्या जखमेची पट्टी बदलायला आला, त्याच्या मागोमाग बसवरून हे. मी धावत पुढे गेले. जाताना खटका वर केला — बघा, तेवढं मात्र आठवलं. मामंजींचं अंथरूण ओलं झालं होतं. उन्हाळ्यातसुद्धा सोवळ्याशिवाय न जेवणारा तो माणूस पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, छताकडे बघत पडला होता.

“मी बटण दाबलं होतं,” ते ह्यांना म्हणाले. “चार वेळा. सव्वादोनला, अडीचला, तीनला, साडेतीनला. दिवा लागला होता.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “भोंगा वाजला नाही हो.”

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. काय हुशार होते मी.

आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, मी पुढे झाले आणि बटण दाबलं. आत भोंगा ठणठणीत वाजला. पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा दाबायची काय गरज होती? पण मी दाबलं.

रामेश्वर हळूच म्हणाला, “होता है, भिया. उमर हो गी दादाजी की. लगता है कि दबाया.” हे चादर बदलायला लागले. मामंजी त्या दिव्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “घंटी चुकत नाही. मीच चुकलो असेन.”

त्या संध्याकाळी मी खटका काढून टाकला आणि तारा पक्क्या जोडल्या. पश्चात्तापानं? छे. पुरावा नको म्हणून. आणि त्यानंतर ती घंटी एकदाही बंद पडली नाही. दर वेळी दिवा, दर वेळी भोंगा. जितकी ती बरोबर वाजत गेली, तितके मामंजी खोटे ठरत गेले.

ते बटण दाबून विचारायला लागले, “लागला ना दिवा?” समोर दिसत असायचा, तरी. आपण औषध घेतलं का, असं विचारायचे. आज वार कोणता, हेही. भाद्रपदात लोक ओट्यावर आले, एकानं आजोबांची तिथी विचारली. मामंजींनी डोळे मिटले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाला म्हणाले, “घरात कुठं लिहून ठेवलं असेल तर बघा. माझ्यावर विसंबू नका.”

त्यानंतर कुणाला त्यांनी तिथी सांगितली नाही. दोन वर्षं अजून जगले. मी रोज त्यांचं सगळं केलं, लोक माझी उदाहरणं द्यायचे, आणि एक वाक्य मी बोलले नाही. रोज ठरवायचे. रोज, उद्या. ते गेले त्या सकाळीसुद्धा, उद्या.

आता मी देवासला मुलाकडे असते. दोन्ही गुडघे बदललेत. आणि नात, मुक्ता, माझ्यासारखीच निघाली, तारांत रमणारी. तिनं मला एक बटण करून दिलंय, वायरबियर काही नाही. दाबलं की निळा दिवा लागतो आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो. “आजी, लाइट आ गई मतलब मेसेज गया. टेन्शन नको घेऊस.” मग आईला म्हणाली, “मम्मी, मीटिंग असली तर फोनवर म्यूट करता येतं.” तेव्हापासून दिवसातून चारदा मी तो निळा दिवा तपासते. सून समजते, म्हातारीला खेळणं मिळालंय.

गेल्या मंगळवारी दुपारी पाय आखडला, उठता येईना. दाबलं. दिवा लागला. कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. घड्याळाकडे बघत पडून राहिले. पाऊण तास.

सून आली, फोन बघून म्हणाली, “आई, काहीच आलेलं नाही. तुम्ही दाबलं नसेल नीट.”

माझ्या तोंडून निघालं, “दिवा लागला होता.” आणि मी तिथंच गार पडले.

मुक्ता तिच्या मागोमाग घरात आली. “थांब मम्मी. आजी बोलतेय तर लागलीच असेल लाइट.” बटणाची डबी उघडली, लॅपटॉपला लावली, काहीतरी वाचलं. चार मिनिटांत म्हणाली, “माझीच गलती आहे. नेट गेलं तरी लाइट लागत होती. सॉरी, आजी.”

चार मिनिटं.

मुक्ताला मराठी वाचताना अडखळायला होतं, हिंदी शाळेतली ना. म्हणूनच मी हे मराठीत लिहितेय की काय, असा संशय मला सारखा येतोय, आणि तो खराही असेल.

मामंजींनी त्या दिवशी चार वेळा बटण दाबलं होतं. सव्वादोनला, अडीचला, तीनला, साडेतीनला. चारही वेळा दिवा लागला होता.