आक्का, जरा हळू

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या वाटणीच्या भाकरी थापत होते आणि मनातल्या मनात तिच्यावरच चिडले होते. दोन दिवसांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला, नगरला दवाखान्यात नेलं, घरातली सगळी तिच्यामागे धावली आणि चूल, गोठा माझ्या गळ्यात पडला. ‘हिचं नेहमीचंच,’ असं मी पुटपुटले, तेवढ्यात फोन वाजला. दीर एवढंच म्हणाले, “वहिनी, मंगल गेली...” तव्यावरची भाकरी जळेपर्यंत मी तशीच बसून होते.

मंगल माझी धाकटी जाऊ. कोल्हारच्या अलीकडे, पाटाच्या कडेला आमची वस्ती. तिथे आम्ही दोघी एकवीस वर्षं एका चुलीवर नांदलो. लिहायचंच आहे तर खरं लिहिते. त्यातली शेवटची चार वर्षं मी तिचा हेवा केला, आणि कशाचा, तर तिच्या दुखण्याचा.

चार वर्षांपूर्वी तिच्या छातीत एकाएकी फडफड व्हायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात म्हणाले, गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास चालायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला की पाय आवरायचे, गरगरलं तर खाली बसायचं. सुरुवातीला सोबत कुणीतरी असू द्या. मी म्हटलं, “डॉक्टर, मग आमी दिवसभर घरात-रानात राबतो ते काय?” ते हसले. “ते काम झालं, मावशी. हे चालणं हिच्या एकटीसाठी.” हिच्या एकटीसाठी! मला दिवस गेले होते तेव्हासुद्धा कुणी ‘जरा फिरून ये’ म्हटलं नव्हतं. दिरांनी तिला निळ्या पट्ट्याचे बूट आणले. मला कधी तांब्याभर पाणी न विचारणाऱ्या सासूबाई तिला म्हणायच्या, “जा गं, ऊन व्हायच्या आत ये फिरून.” साडीखाली ते बूट घालून ती फाटकातून बाहेर पडली की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मलाच तिच्याबरोबर धाडलं. मी मुद्दाम भराभरा चालले. धडधाकट कोण आहे, ते तिला दाखवायचं होतं मला. मागून आवाज आला, “आक्का, जरा हळू...” मी तो ऐकला आणि पाय आणखी उचलले. पाटावरच्या मोरीपाशी जाऊन वळून पाहिलं तर ती पाटाच्या कडेला बसलेली, चेहरा पांढराफटक, दोन बोटं मनगटावर. मी धावत गेले. ती मात्र ओठ हलवत शांतपणे ठोके मोजत होती. घरी सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाली, “मीच जरा जोरात चालले.” तिनं मला सांभाळून घेतलं, याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी बूट घालून तिनं विचारलं, “चलता का, आक्का?” “मला येळ न्हाई,” मी म्हटलं. चार वर्षं ती अधूनमधून विचारत राहिली आणि माझं उत्तर बदललं नाही. मग फोन घरी चार्जिंगला लावून ती एकटीच जायची. हळूहळू पार पुलापर्यंत जाऊन यायला लागली, तिची धाप कमी झाली, डॉक्टर शाबासकी द्यायला लागले. ती टवटवीत होऊन परतायची आणि मी भांडी आपटायचे.

दहाव्यानंतर पलीकडच्या वस्तीवरचे रशीदचाचा भेटायला आले. पाटालगतच त्यांचा ऊस आहे. म्हणाले, “तुमची दोघींची जोडी फुटली, बाई. मी सकाळी उसाला पानी धरायचो, तवा उसाआड दिसायचं काई न्हाई, पन पाटावरून मंगलचं बोलनं रोज कानावर यायचं. ‘आक्का, जरा हळू चला. आक्का, गुडगा दुखतोय का? बसायचं का जरा?’ तुमी लई हळू बोलत असाल. तुमचं काई ऐकू यायचं न्हाई.”

मी पदर तोंडाशी धरला. मी त्या वाटेनं त्या एका दिवसानंतर कधीच गेले नव्हते, हे चाचांना सांगायचा धीर झाला नाही. चालताना बोलायला तिला कुणीतरी हवं होतं. मी गेले नाही, तरी ती रोज मलाच बरोबर घेऊन जात होती...

बूट अजून ओसरीत आहेत. दीर म्हणाले, कुणाला तरी देऊन टाकू. मी हात लावू दिला नाही. परवा पायात घालून पाहिले. मला ते मोठे होतात. तरी तसेच घालून मोरीपर्यंत गेले, तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं, पण मला काही सुचेना. माझा हेवा अजून गेलेला नाही. फक्त आता तो मंगलचा नाही. चार वर्षं रोज सकाळी तिच्याबरोबर जी आक्का पाटावरून चालली आणि ‘हळू’ म्हटलं की जिनं पाय आवरले, तिचा आहे.